थोरलीचा पाट

१

थोरली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मळ्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येई तो एकच टकळी लावी. केवढं आयुष्य भोगलं म्हातारीनं. शंभरी गाठली असेल. छे, शंभरीच्या पुढं. ओट्यावर सतरंजी टाकलेली, तिच्यावर बाप्ये बसलेले, चहाचे कप फिरताहेत आणि पैज लागल्यासारखं तिचं वय वाढत चाललंय. मी आत चहा गाळत होते आणि माझं डोकं फिरत होतं. अरे, माणूस गेलंय. तिच्याबद्दल बोला की काहीतरी. वय कसलं मोजत बसलाय?

ती माझी आजी, वडिलांची आई. पण आम्ही तिला कधी आजी म्हटलं नाही. घरात, शेजारच्या मळ्यांत, पंचवटीतल्या फुलबाजारात, सगळ्यांसाठी ती थोरली. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. घराच्या मागे पत्र्याची शेड, तिथं फुलांचा ढीग आणि त्या ढिगाशेजारी थोरलीचा पाट. सकाळी चहा झाला की ती त्या पाटावर बसायची आणि हार ओवायला घ्यायची. फूल उचललं की आधी गुडघ्यावर उलटं आपटायचं, आत मुंगी असली तर पडावी म्हणून, आणि मग सुईत. टप. टप. मी अभ्यास केला तो त्या आवाजात.

आणि अभ्यास केला तोही तिच्यामुळेच. दहावीनंतर नाना, म्हणजे माझे वडील, मला घरी बसवायला निघाले होते. थोरलीनं सुई खाली ठेवली. पोरीला कॉलेजात घालत नाही तोवर आपण एक फूल ओवणार नाही म्हणाली. गणपतीचे दिवस होते, हारांच्या ऑर्डरी अंगावर आलेल्या. संध्याकाळपर्यंत नाना वठणीवर आले. आज मी सिडकोत राहते, शाळेत गणित शिकवते, चार माणसं मला बाई म्हणतात, ते तिच्या त्या एका हट्टामुळे. माझा तिच्यावर भयंकर जीव होता. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी तिच्याशी दावा मांडून बसले आहे.

२

हे २००३ सालचं, सिंहस्थाच्या वर्षातलं. फुलांना कधी नव्हे एवढी मागणी होती, आणि सुतकात सुद्धा तोडणी थांबली नव्हती. महेश, माझा धाकटा भाऊ, दहाव्याच्या पत्रिका छापायला रविवार कारंज्यावर गेला आणि तिथून त्यानं घरी फोन केला. प्रेसवाला नाव विचारतोय म्हणाला. कै. पुढं काय घालू?

मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, थोरली घाल. मी म्हटलं, नाना, नाव. तुमच्या आईचं नाव. ते सतरंजीकडे बघत राहिले. त्यांच्या बहिणीला, नवसाबाई आत्याला विचारलं, तिनं तोंडाला पदर लावला. आईला विचारलं तर ती म्हणाली, सासूचं नाव कुणी सुनेला सांगतं का? शेवटी प्रेसवाल्यानंच आपल्या अकलेनं थोराबाई छापलं. महेश हसत हसत गठ्ठा घेऊन आला. मला हसू आलं नाही. एवढी मोठी बाई ह्या घरात मेली आणि तिचं नाव ह्या लोकांना ठाऊक नाही. पोटच्या पोरांना नाही. मला सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्याच दुपारी शेजारच्या मळ्यातली अक्काबाई आली. नातवानं धरून आणली तिला, ऐंशीच्या कितीतरी पुढची असेल. तिला तरी माहीत असेल म्हणून मी तिच्याजवळ बसले. नाव तिलाही आठवेना. पण बाकी तिला सगळं लख्ख आठवत होतं.

"मी नवी नवरी आले ना, तवा थोरलीनंच माझी ओटी भरली," ती म्हणाली. "अशीच म्हातारी व्हती. दात न्हवते. ही कानाची पाळी फाटलेली."

आणि तिनं आपली डावी पाळी धरून दाखवली. आमच्या थोरलीची डावी पाळी फाटलेली होती, खालपर्यंत, दोन शेंगा लोंबाव्यात तशी.

मी मनात हिशेब केला. अक्काबाई नवरी झाली तेव्हा माझी आजी फार तर पंचविशीची असणार. मग अक्काबाईला आठवते आहे ती आजीची सासू असणार. तीही घरातली मोठी, म्हणून तीही थोरली. दोघींची सरमिसळ झाली म्हातारीच्या डोक्यात. जड कुड्या घालायच्या बायका तेव्हा, फाटत असतील पाळ्या. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, आपण काय थोरलीला ओळखत नाही का?

त्यानंतर मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायला लागले. तुम्हाला थोरली तरणी असलेली आठवते का? केस काळे असलेली? नवसाबाई आत्या तर तिची लेक. तीही म्हणाली की आपल्याला कळायला लागलं तेव्हापासून ती म्हातारीच. कुणालाच तरुण थोरली आठवेना. आणि ह्यात कुणाला काही वावगंही वाटेना.

३

तेराव्याला पाहुणे जेवून उठले तेव्हा आत्यानं पेटीतून थोरलीचं लुगडं काढलं. नऊवारी, अंजिरी रंगाचं, काठाशी विटलेलं. घरातल्या मोठ्या सुनेला नेसवायचं आणि पाटावर बसवायचं म्हणाली. आपल्याकडे रीत आहे.

घरातली मोठी सून म्हणजे माझी आई.

आईबद्दल सांगायला हवं. तिचं नाव सिंधू. येवल्याची. सहावारी नेसायची, गळ्याशी पिन लावून. सातवीपर्यंत शिकलेली आणि त्याचा तिला कोण अभिमान. मासिकं आणायची आणि नाना बघतील म्हणून तांदळाच्या डब्यात लपवायची, त्यामुळे आमच्या भातात कधी कधी कागदाचा तुकडा यायचा. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. हसताना तोंडावर हात धरायची. आणि फुलं ओवायला बसली तर फूल आपटायची नाही, त्यावर फुंकर मारायची. मुंगीला लागेल म्हणायची. थोरली त्यावरून तिला फार चिडवायची.

मी म्हटलं, आत्या, हे विधवेचं लुगडं, नाना धडधाकट आहेत आणि तुम्ही सवाष्णीला नेसवताय? माझा खरं तर ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्यांना त्यांच्याच भाषेत अडवावं म्हणून बोलले. आत्यानं निऱ्या चोपता चोपता म्हटलं, थोरलीला नवरा असला काय आणि नसला काय.

आईनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात धरून हसली. जाऊ दे गं, दोन घटका बसते, म्हणाली. मग बायकांनी तिला शेडमध्ये नेलं, पाटावर बसवलं, हातात सुई दिली. महेशची बायको आशा तान्ह्याला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. आईनं ढिगातून एक शेवंती उचलली.

आणि गुडघ्यावर आपटली. टप.

नाना शेडच्या बाहेर होते. तो आवाज ऐकून ते उठले आणि भराभरा मळ्यात निघून गेले.

४

मी सिडकोत परतले. आई दर रविवारी मला फोन करायची, मासिकात काय वाचलं ते सगळं सांगायची, बिल चढतंय म्हणून नाना मागून ओरडायचे. त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मग मीच केला. आशानं उचलला आणि म्हणाली, थोरली कामात आहे.

मी म्हटलं, कोण थोरली? मग ती म्हणाली, आई हो, ताई. आई कामात आहेत.

मी स्वतःला समजावलं. घरात एका बाईला वर्षानुवर्षं हाक मारायची सवय, जीभ वळते. पुढच्या वेळी मळ्यात गेले तेव्हा आईच्या अंगावर तेच अंजिरी लुगडं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, सुटसुटीत वाटतं. चहा समोर ठेवला तर साखर का घातली म्हणून बाजूला सारला. तांदळाच्या डब्यात हात घातला तर नुसते तांदूळ. आणि दिवसभर शेडमधून तो आवाज, टप, टप, जेवायला उठली तरी माझ्या कानात चालूच.

मी तिला पंचवटीत डॉक्टरांकडे नेलं. भले गृहस्थ होते. सासू गेल्याचा धक्का, पाळी जाण्याचं वय, घराचा भार अंगावर आला, होतं असं, म्हणाले. झोपेच्या गोळ्या दिल्या. मला ते पटलं. मला ते पटायलाच हवं होतं. परतताना रिक्षात आईनं माझा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून दाबली, नखाकडून मुळाकडे. असं थोरली करायची. मी परीक्षेला निघाले की करायची. मला इतकं बरं वाटलं की मी हात सोडवून घेतला नाही, आणि मग घरी आल्यावर स्वतःचाच संताप आला.

५

दिवाळीनंतर एका दुपारी मी न सांगता गेले. झेंडू निघून गेला होता, मळा मोकळा, घरात कुणी नव्हतं. फक्त शेडमधून आवाज. मी मागच्या बाजूनं गेले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते आणि ती पाठमोरी पाटावर बसली होती. पदर डोक्यावरून खाली आलेला. मी हाक मारणार तेवढ्यात माझं लक्ष तिच्या डाव्या कानाकडे गेलं.

पाळी फाटलेली होती. खालपर्यंत.

आधी मला वाटलं आत्ताच काहीतरी ओढलं गेलं, रक्त असेल, मी पुढे धावले. रक्त नव्हतं. जखमही नव्हती. दोन्ही कडा गोल, कोरड्या, चामड्यासारख्या झालेल्या, ज्या व्हायला वर्षं जातात. मी माझ्या आईचा कान लहानपणापासून बघत आले आहे. तिची कुडी मी ओढायची म्हणून मार खाल्लाय. मला मागून तिचा चेहरा दिसत नव्हता, गाल तेवढा दिसत होता, आणि तो गाल आत गेलेला होता, आत दाढा नसल्यासारखा. ती मान वळवायला लागली. मी बाहेर पळाले. चांगली शिकलेली बाई मी, भर दुपारी पायातली चप्पल टाकून पळाले.

आशा विहिरीकडून येत होती. मी तिचे दंड धरले आणि विचारलं, आईचा कान कधी फाटला? तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"ताई, तो तर पहिल्यापासूनच फाटलेला हाय की," ती म्हणाली.

६

मी नानांना मळ्याच्या कडेला गाठलं. पाणी धरत होते. आजवर मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, तेराव्याला तुम्ही उठून का गेलात? काय माहीत होतं तुम्हाला?

त्यांनी फावडं टेकलं.

"माझी आई गाणं म्हणायची," ते म्हणाले. "मी लय लहान होतो. मग तिला पाटावर बसवली. त्याच्या पुढं थोरली हाय. आई नाय."

मला वाटलं, रडतील. रडले नाहीत. आम्ही जगलोच की म्हणाले. थोरलीनं कुणाला काही कमी केलं नाही, तुला तर डोक्यावर घेतली. वाकून त्यांनी पुढचा वाफा फोडला आणि पाणी वळवलं. म्हणजे ह्या माणसाला सगळं माहीत होतं. आपली आई कशी गेली ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी आपली बायको त्यानं त्याच पाटावर बसू दिली, आणि वरून वाफे भरतोय. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एक शब्द मागे घेणार नाही.

तिथून तडक नाक्यावर गेले, रिक्षा घेऊन आले आणि रिक्षा शेडच्या दाराशी लावली. आत गेले, चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, सिंधू, ऊठ. पोटच्या लेकीनं आईला नावानं हाक मारली. मळ्यात कुणी ऐकलं असतं तर थोबाड फोडलं असतं माझं. पण तिनं वर बघितलं, आणि शपथेवर सांगते, ती माझी आई होती. घाबरलेली, दमलेली, पण पूर्ण माझी आई.

ती उठली. अर्धी उठली. मग दारातून बाहेर बघितलं. ओट्यावर आशा पोराला पाजत बसली होती.

"मी उठले तर तिला बसवतील गं, साधने," आई म्हणाली. "लेकरू अंगावर पितंय तिचं."

मी म्हटलं, आशाचं आशा बघेल, तू चल. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, मी बसते, मग तर झालं? त्यावर ती तोंडावर हात धरून हसली. तू दुसऱ्या घरची, म्हणाली, तू सुटलीस. मग तिनं माझी बोटं आपल्या मनगटावरून सोडवली, सावकाश, एकेक, आणि खाली बसली. मी पाट ओढायला गेले. नुसता लाकडाचा पाट, आंब्याचा असेल, लहान पोरानं उचलावा असा. माझ्याच्यानं हलला नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

७

मग मी दर रविवारी जायला लागले. जाऊन तिच्यासमोर बसायचं आणि तिला सिंधू म्हणायचं, एवढंच. सिंधू, पाणी दे. सिंधू, तुझ्या येवल्याच्या घराला दारं किती? सिंधू, तुला सरड्याची भीती वाटते ना? मासिकं नेऊन मोठ्यानं वाचून दाखवायची. आत्या म्हणाली, पोरीला वेड लागलं. नानांनी माझ्याशी बोलणं टाकलं. महेश म्हणाला, ताई, थोरलीला त्रास होतो, नको येत जाऊस. मी त्याला विचारलं, महेश, तुझी आई कुठाय? तो गोंधळला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता बिचारा. आणि मला त्याची दया यायच्या ऐवजी त्याला धरून बडवावंसं वाटलं.

पहिल्यांदा ती दचकायची. मग नुसती मान हलवायची. दोन वर्षं झाली असतील. आता मळ्याच्या बाजूनं कॉलनी आली आहे, तिथल्या नव्या बायका पूजेला फुलं न्यायला येतात आणि म्हणतात, किती वर्षांच्या असतील हो तुमच्या आजी?

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा ती गुलाब निवडत होती. मी समोर बसले, रागानं नुसती फणफणत, कारण सगळ्या घरानं नेहमीसारखं माझ्याकडे पाठ केली होती. मी तिला म्हटलं, आज मी काही वाचणार नाही, काही विचारणार नाही. एकच सांग. सिंधू कोण?

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मायेनं. तीच माया, जिच्यावर मी वाढले. मला ती नको होती आणि मी तिच्याकडे सरकले.

"तुझी आई ती. लय गुणाची होती," ती म्हणाली. "लग्नात नाव बदलायला ताटात तांदूळ पसरले, झुंबरनं, तुझ्या बापानं, अंगठीनं नवं नाव लिहिलं, तर हिनं हातानं पुसलं आन् परत सिंधूच लिहिलं. समदे खवळले. मीच म्हणलं, लिहू द्या पोरीला. किती दिवस पुरणार हाय."